शील्ड टीव्ही प्रो: गेम चालतो एकीकडे, पैसे जातात दुसरीकडे

एनव्हिडियाचा शील्ड टीव्ही प्रो म्हणजे टीव्हीला जोडायचा अँड्रॉइडचा डबा. किंमत १९९ डॉलर. पेटीत कंट्रोलर नसतो आणि एचडीएमआय केबलही नसते. निघतो तो डबा, त्रिकोणी आकाराचा रिमोट आणि अडॅप्टर. म्हणजे गेम सुरू करण्याआधीच ५०-६० डॉलरचा कंट्रोलर धरावा लागतो आणि हिशोब अडीचशेच्या पुढे जातो. एवढ्या पैशांत हाती काय पडतं, ते वापर कसा करणार यावर ठरतं. घरात बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डाचा पीसी असेल आणि त्यावरचे गेम हॉलमधल्या टीव्हीवर खेळायचे असतील, तर इतका भरवशाचा डबा दुसरा सापडणं कठीण आहे. पीसी नसेल आणि हाच गेमचा कन्सोल म्हणून घ्यायचा विचार असेल, तर घेऊ नका.

कारण आतली चिप. एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ ही मोबाइलची चिप पहिल्यांदा मे २०१५ मध्ये शील्डच्या डब्यात आली: प्रोसेसरचे ए५७ जातीचे चार कोर, ए५३ चे चार, चित्र काढणारे मॅक्सवेल पिढीचे २५६ कुडा कोर आणि सोबत ३ जीबी रॅम. २०१९ च्या प्रोमधली एक्स१ प्लस ही तीच चिप, फक्त २० ऐवजी १६ नॅनोमीटरवर काढलेली. त्यामुळे ती कमी तापते आणि थोडी जास्त वेगाने धावते. २०१५ च्या जाहिरातीत ‘१ टेराफ्लॉप’, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं, असं ठळक लिहिलेलं असायचं. तो आकडा १६ बिटच्या गणिताचा होता. गेम मुख्यतः ज्या ३२ बिटच्या गणितावर चालतात, त्यात ही चिप निम्म्यावर, म्हणजे साधारण ०.५१ टेराफ्लॉपवर येते. त्याच काळातला प्लेस्टेशन ४ होता १.८४ वर. साडेतीन पटींपेक्षा जास्त फरक. टीव्हीवर ४के दिसतं ते सिनेमाचं किंवा बाहेरून आलेल्या प्रवाहाचं. आधुनिक गेम या चिपने स्वतः ४के मध्ये काढावा, अशी तिची ताकद कधीच नव्हती. हीच चिप मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विचमध्ये बसली आणि तिथे तिचं सोनं झालं. पण तिथे गेम त्या चिपसाठी मुद्दाम घडवले गेले. शील्डच्या वाट्याला असे मोजकेच आले.

मग ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने हा उद्योग केला कशासाठी? २०१३ सालात मागे जावं लागेल. त्या वर्षी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन बाजारात आले आणि दोन्हींच्या पोटात प्रतिस्पर्धी एएमडीची चिप होती. सोनीकडून मिळणारा पैसा त्या कामात अडकणाऱ्या माणसांच्या आणि वेळेच्या मानाने परवडणारा नव्हता, असं एनव्हिडियाने तेव्हा उघडपणे सांगितलं. दुसरीकडे टेग्रा स्मार्टफोनमध्ये पाय रोवत नव्हती. हातात मोबाइलची चिप होती आणि जगभरच्या पीसींमध्ये आपली कार्डं बसलेली होती. ३१ जुलै २०१३ ला २९९ डॉलरला आलेला पहिला शील्ड, म्हणजे ५ इंची पडद्याची झाकण जोडलेला कंट्रोलर, या दोन गोष्टींची सांगड होता. त्यावर पीसीचा गेम घरातल्या वाय-फायवरून खेळता यायचा. अट एकच: पीसीत एनव्हिडियाचंच जीटीएक्स ६५० किंवा त्यावरचं कार्ड हवं. म्हणजे पैसा डब्यात नव्हताच. डब्यामुळे पुढचं कार्ड आमचंच घ्या, हा खरा सौदा होता. २०१४ चा टॅबलेट आणि २०१५ चा टीव्हीचा डबा त्याच वाटेवरचे.

ही अट केवळ विक्रीसाठी घातलेली नव्हती. जीटीएक्स ६०० मालिकेपासून कार्डावर व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग आला, एनव्हेन्क. गेमचं चित्र काढणारे कोर आपलं काम करत राहतात आणि तयार झालेली फ्रेम बाजूला हा भाग दाबून लहान करतो. एन्कोडचं ओझं गेमवर जवळजवळ पडत नाही. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. एन्कोड, नेटवर्क आणि डीकोड हे तिन्ही या वेळेच्या आसपास उरकले, तर हाताला उशीर जाणवत नाही. शील्डचं खरं कौशल्य आहे ते डीकोडचं, म्हणजे दाबलेलं चित्र पुन्हा उलगडण्याचं. एचईव्हीसी या दाबण्याच्या पद्धतीतला ४के ६० एचडीआर प्रवाह तो न अडखळता उलगडतो. त्याच किमतीच्या आसपासचे कित्येक टीव्ही बॉक्स सिनेमा छान दाखवतात, पण गेमच्या प्रवाहात फ्रेमा साठवून ठेवतात आणि उशीर वाढवतात.

पीसीकडून डब्याकडे चित्र पाठवणाऱ्या सोयीचं नाव गेमस्ट्रीम. डिसेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२३ पासूनच्या अपडेटने ती डब्यातून काढून टाकली. ज्या कामासाठी लोकांनी हा डबा घेतला होता, तेच काम विकत घेतल्यानंतर गेलं. ही गोष्ट चुकीची झाली आणि या डब्याबद्दल लिहिताना ती सांगायलाच हवी. पर्याय म्हणून कंपनीने स्टीम लिंकचं अ‍ॅप सुचवलं. लोकांनी त्याहून सरस वाट काढली: पीसीवर चित्र पाठवणारं सनशाइन आणि डब्यावर ते घेणारं मूनलाइट. मूनलाइट तर २०१३ पासूनच, गेमस्ट्रीमची भाषा उलगडून, विद्यार्थ्यांनी उभं केलेलं आहे. दोन्ही मोफत आणि मुक्त स्रोताची. शिवाय सनशाइन एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवरही चालतं, त्यामुळे जीटीएक्सची जुनी अट गळून पडली.

जोडणी अशी. पीसीवर सनशाइन बसवलं की त्याचं पान ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ४७९९० पोर्टवर (https://localhost:47990) उघडतं. ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल इशारा देईल. प्रमाणपत्र तुमच्याच पीसीने बनवलेलं असतं, म्हणून पुढे जायला हरकत नाही. तिथे नाव आणि पासवर्ड ठरवा. डब्यावर प्ले स्टोअरमधून मूनलाइट घ्या. दोन्ही एकाच राउटरवर असतील तर पीसी आपोआप दिसतो. त्यावर दाबलं की चार आकडी पिन येतो, तो सनशाइनच्या पिनच्या पानावर भरायचा. पीसी दिसतच नसेल तर आधी विंडोजमध्ये तुमचं नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’ ते बघा. पब्लिक असेल तर फायरवॉल वाट अडवते. चित्र आलं पण गेममध्ये कंट्रोलर हलत नाही, ही दुसरी नेहमीची अडचण. व्हीजेमबस नावाचा ड्रायव्हर विंडोजला खोटा गेमपॅड दाखवतो. तो राहून गेला की असं होतं.

पहिल्याच दिवशी ४के लावू नका. १०८०पी, ६० फ्रेम आणि २० एमबीपीएसपासून सुरुवात करा. मूनलाइटच्या सेटिंगमध्ये खेळताना आकडे दाखवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. नेटवर्कचा उशीर, गळालेल्या फ्रेमा आणि डीकोडचा वेळ असे तीन आकडे वेगवेगळे दिसतात, त्यामुळे दोष कुणाचा ते लगेच कळतं. हे आकडे स्थिर असतील तरच ४के आणि ८० एमबीपीएसवर जा. एक गोष्ट बरेच जण विसरतात: पीसीवर गेमची फ्रेममर्यादा ६० ला बांधा. कार्ड पूर्ण शंभर टक्के गुंतलेलं असेल तर फ्रेम पकडून एन्कोडरकडे द्यायलाच उशीर होतो, आणि दोष नेटवर्कचा वाटतो.

आता केबल, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ८० एमबीपीएसच्या प्रवाहात एक फ्रेम साधारण १६७ केबीची भरते. ती सगळी एकदम, एका झोतात येते. गिगाबिट जोडणीवर ती पोचायला १.३ मिलिसेकंद लागतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तीच फ्रेम १३.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या फ्रेमचा वेळ. ‘ऐंशी शंभरात मावतात’ हे सरासरीचं गणित इथे फसवं ठरतं. शील्ड प्रोला गिगाबिट पोर्ट आहे. पुष्कळ टीव्हींचं स्वतःचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणून टीव्हीवरच्या अ‍ॅपमधून तोच गेम जड वाटतो. गिगाबिट पोर्ट असूनही डब्यात जोडणी १०० दाखवत असेल, तर केबल तपासा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. भिंतीच्या कडेने ठोकत नेलेल्या केबलची एखादी जोडी क्लिपखाली तुटली किंवा टोकाचा जॅक नीट क्रिम्प झाला नाही, तर इंटरनेट सुरळीत चालतं, पण जोडणी गुपचूप १०० वर उतरते. जॅक कापून नवा लावला की बहुतेक वेळा काम होतं. कॅट ५ई पुरते. कॅट ६ वर जादा पैसे घालायची गरज नाही.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फायबरची पेटी सहसा दाराजवळ असते आणि पीसी आतल्या खोलीत. केबल ओढणं अशक्य असेल तर निदान एक टोक तरी केबलवर ठेवा, शक्यतो पीसीचं. पीसी आणि डबा दोन्ही एकाच राउटरच्या वाय-फायवर असतील, तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते आणि हवेतली जागा दुप्पट खाते. २.४ गिगाहर्ट्झ तर नकोच. इमारतीतल्या सगळ्या घरांची गर्दी तिथे आहे. ५ गिगाहर्ट्झ घ्या आणि राउटरपासून डब्यापर्यंत मध्ये एकच भिंत असेल असं बघा. जुना शील्ड कंट्रोलर वाय-फाय डायरेक्टवर बोलतो, म्हणजे तोही याच हवेतला हिस्सा मागतो. ब्लूटूथचा कंट्रोलर असेल आणि डब्याच्या मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर बटण दाबलेलं उशिरा पोचणं, मध्येच संपर्क तुटणं असे प्रकार होतात. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात पसरतो आणि ब्लूटूथही तिथेच असतं. डिस्क हातभर लांबीच्या चांगल्या, आवरण असलेल्या केबलने दूर ठेवा.

टीव्हीचा गेम मोड चालू नसेल तर वरची सगळी मेहनत वाया. चित्र सुधारणाऱ्या प्रक्रियांमुळे कित्येक टीव्ही ६० ते १०० मिलिसेकंद खातात. गेम मोडमध्ये तोच टीव्ही १०-२० वर येतो. आणखी एक बारीक गोष्ट डब्याच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आहे. तिथे ५९.९४ आणि ६० हर्ट्झ असे दोन वेगळे पर्याय दिसतात. पीसी ६० वर आणि डबा ५९.९४ वर असेल, तर दर १६-१७ सेकंदांनी एक फ्रेम जास्तीची ठरून टाकली जाते. कॅमेरा संथ वळत असताना तो बारीक झटका डोळ्यांना खुपतो आणि नेटवर्क कितीही सुधारलं तरी जात नाही. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. २०१९ च्या डब्यातलं एआय अपस्केलिंग, म्हणजे कमी रेषांचं चित्र ४के पर्यंत वाढवणं, ७२०पी किंवा १०८०पीच्या सिनेमांना खरंच निखार आणतं, पण गेमच्या वेळी बंद ठेवलेलं बरं. पोर्ट एचडीएमआय २.०बी आहे, त्यामुळे ४के १२० हर्ट्झ इथे मिळणार नाही.

दुसरा मार्ग भाड्याचा. जीफोर्स नाऊमध्ये गेम एनव्हिडियाच्या सर्व्हरवर चालतो. १ ऑक्टोबर २०१५ ला ही सेवा फक्त शील्डसाठी, महिना ७.९९ डॉलरला सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२० पासून ती कुठल्याही पीसीला खुली झाली आणि तेव्हापासून शील्डचं खास असं काही उरलं नाही. आता वरची पातळी महिना १९.९९ आणि मधली ९.९९ डॉलर. जानेवारी २०२५ पासून नव्या सभासदांना महिन्याला १०० तासांची मर्यादा लागली. उरलेल्यातले जास्तीत जास्त १५ तास पुढच्या महिन्यात जातात. वरच्या पातळीला जादा १५ तास ५.९९ डॉलरला. आता भागाकार करा. १०० तास पूर्ण वापरले तर तासाला २० सेंट पडतात. मर्यादेबाहेरचा तास ४० सेंटचा, म्हणजे दुप्पट. मधल्या पातळीवरही हेच प्रमाण: १० सेंट आत, २० बाहेर. आणि महिन्यातून २० तासच खेळणाऱ्याला वरच्या पातळीचा तास एका डॉलरला पडतो. कंपनीचा नफा याच माणसावर उभा आहे. सर्व्हरमधलं एकच कार्ड दिवसभरात अनेकांच्या उपयोगी पडतं, आणि कमी खेळणारे जितके जास्त तितकी कार्डं कमी लागतात.

दुसऱ्या बाजूने बघा. आरटीएक्स ४०८० नोव्हेंबर २०२२ मध्ये ११९९ डॉलरला आलं. वरच्या पातळीचं भाडं वर्षाला २४० धरलं तर पाच वर्षांचं भाडं म्हणजे ते एक कार्ड. बाकीचा पीसी आणि वीज वेगळी. शिवाय भाड्यात मधल्या काळात सर्व्हरचं कार्ड बदलून नवं मिळतं. वीस-तीस तास खेळणाऱ्याला हे भाडं महाग नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण गेम मात्र वेगळे विकत घ्यावे लागतात आणि ते सेवेत राहतीलच अशी हमी नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये सेवा सुरू होताच अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने आपले गेम काढून घेतले होते. गुगलची अशीच सेवा, स्टेडिया, १८ जानेवारी २०२३ ला बंदच झाली. त्यांनी खरेदीचे पैसे परत दिले म्हणून लोक वाचले. जीफोर्स नाऊमध्ये निदान गेम स्टीमसारख्या दुकानातून घेतलेला असतो, त्यामुळे सेवा गेली तरी तो तुमच्या खात्यात राहतो.

डेटाचा हिशोबही मांडूनच ठेवा. १०८०पी ६० साठी कंपनी २५ एमबीपीएस सांगते. म्हणजे तासाला सव्वाअकरा जीबी, १०० तासांना ११२५ जीबी. आपल्याकडच्या अनेक फायबर योजनांच्या ३३०० जीबी मर्यादेत हे बसतं. अमेरिकेत ज्यांच्या केबल योजनेवर महिन्याला १.२ टीबीची मर्यादा आहे, अशा घरात मात्र एकटा गेमच ती जवळजवळ संपवतो. यात शील्डची एक उणीव पुढे येते: टेग्रा एक्स१ ला एव्ही१, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धत, डीकोड करता येत नाही. घरातल्या केबलवर बँडविड्थ फुकट असते, तिथे हे अडत नाही. बाहेरच्या प्रवाहात त्याच डेटात जास्त स्वच्छ चित्र मिळण्याची संधी हातून जाते, आणि स्वस्तातले नवे बॉक्स ती घेतात.

अंतराचं गणित कोणाला चुकत नाही. प्रकाश फायबरमधून मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटरच्या आसपास. जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद, तेही केबल सरळ असती आणि वाटेत एकही राउटर नसता तर. एनव्हिडियाची शिफारस ४० च्या आत राहण्याची आहे. म्हणून परदेशी खातं आणि व्हीपीएन लावून सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचे सल्ले मिळतात, त्यांच्या नादी लागू नका; गाड्यांच्या शर्यती आणि नेमबाजी तिथे जमणार नाही. भारतासाठी सेवा आणण्याची घोषणा कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये केली. मुंबईतल्या सर्व्हरपासून पुणेकराचा प्रवास जाऊन येऊन दीड-दोन मिलिसेकंदांचा असेल, आणि मग उशीर राहील तो तुमच्या वाय-फायचा आणि टीव्हीचा. पैसे भरण्याआधी अ‍ॅपमधली नेटवर्क चाचणी संध्याकाळी नऊच्या सुमाराला घ्या. दुपारी तीनला सगळ्यांचंच नेट छान असतं.

परदेशातून येणाऱ्या कुणाकडून जुना डबा मागवत असाल तर कोणता मॉडेल ते नीट विचारून घ्या. २०१९ चा गोल नळीसारखा साधा शील्ड १४९ डॉलरचा होता; त्यात २ जीबी रॅम, ८ जीबी जागा आणि ३२ बिटची प्रणाली आहे. मूनलाइट त्यावर चालतं, पण ६४ बिट मागणारे अँड्रॉइड गेम आणि एम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारी अ‍ॅप) चालत नाहीत, यूएसबी पोर्टही नाही. २०१५ च्या ५०० जीबीवाल्या प्रोमध्ये फिरणारी हार्ड डिस्क आहे आणि प्रणाली तिच्यावरच असते. डिस्क बिघडली की डबा सुरू होत नाही, म्हणून तो टाळा. १६ जीबीचे २०१५ आणि २०१७ चे डबे त्या बाबतीत सुरक्षित. अपडेटच्या बाबतीत मात्र कंपनीचं मनापासून कौतुक करायला हवं: २०१५ च्या डब्याला २०२५ सालीही अपडेट मिळालं, आणि दहा वर्षं सांभाळलेलं दुसरं अँड्रॉइड यंत्र आमच्या माहितीत नाही.

डबा हातात आल्यावर पैसे देण्याआधी एवढं करून बघा. सोबत गिगाबिट राउटर आणि चांगली केबल न्या, जोडणी १००० दाखवते का ते पाहा. एचडीएमआयवर ४के ६० निवडून दहा मिनिटं चित्र चालू ठेवा, काळे झटके येतात का बघा. प्रोच्या पंख्याचा आवाज कान जवळ नेऊन ऐका. घरघर असेल तर आत धूळ आहे किंवा बेअरिंग गेलंय. दोन्ही यूएसबीत पेन ड्राइव्ह घालून पाहा. शेवटी फॅक्टरी रीसेट तुमच्यासमोर करून घ्या, कारण आधीच्या मालकाचं गुगल खातं आत राहिलं तर नंतर त्याला शोधत बसावं लागेल.